पालापाचोळ्याच्या टाकीत मासे कोणते? (ठाणे, बिनचिलरची टाकी)

ढोकाळीकर
टाकी ३० × १८ × १५ इंच. तळाला बारीक वाळूचा पातळ थर, त्यावर देशी बदाम आणि फणसाची वाळकी पानं, दोन-तीन सुकलेल्या फांद्या, वर तरंगता पिस्टिया. बाकी झाडं नाहीत. फिल्टर स्पंजचे, दोन. पाणी महापालिकेचं, गरज पडल्यास आरओ मिसळेन. चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नाही आणि घेणारही नाही.

तीन याद्या काढल्यात:
१. रिओ निग्रो (अमेझॉनची उपनदी): कार्डिनल टेट्रा, पेन्सिलफिश, अपिस्टोग्रामा
२. आग्नेय आशियातली दलदल: चॉकलेट गुरामी, हार्लेक्विन रासबोरा, कुली लोच
३. भारतीय: स्कार्लेट बाडिस, मिस केरळ, हनी गुरामी

पाचोळा नुसता शोभेला नकोय. त्याचा खरोखर वापर करणारे मासे यातले कोणते? दुकानात विचारलं की सगळ्यालाच "चालेल" म्हणतात.

टीडीएस_तात्या
दुकानात "चालेल"चा अर्थ "पिशवी बांधू का?" एवढाच असतो.

मापावरून टाकी साधारण १३३ लिटरची होते. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी १०५ लिटरच्या आसपास. माशांचं नंतर बघू. आधी तीन आकडे इथे टाका: नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार), केएच (कार्बोनेट कठीणपणा, तो पीएच हलू देत नाही) आणि मे महिन्यात टाकीचं तापमान. यातला तिसरा आकडा अर्धी यादी परस्पर खोडतो.

पाणथळ
तात्यांशी सहमत. ठाण्यात मे महिन्यात बंद खोलीतली टाकी सहज ३०-३१ अंशांवर जाते. ही चाळणी लावा:

कार्डिनल: ३० अंश काढतो. पण निऑन टेट्रा घेऊ नका, त्याला २२ ते २५ मानवतं. दुकानात दोन्ही शेजारी असतात. कार्डिनलचा लाल पट्टा गालापासून शेपटीपर्यंत सलग असतो, निऑनचा पोटाच्या मध्यापासून सुरू होतो.
चॉकलेट गुरामी: उष्णता आवडते, २७ ते ३० उत्तम. अडचण पाण्याची आहे, खाली कोणीतरी लिहीलच.
कुली लोच: ठीक.
हार्लेक्विन: २७-२८ पर्यंत खूश, त्यापुढे नुसता तग धरतो.
स्कार्लेट बाडिस: बंगाल-आसामकडचा, थंडी पाहिलेला मासा. २६ च्या खाली ठेवता येत नसेल तर नको. शिवाय जिवंत खाद्याशिवाय तोंड उघडत नाही.
मिस केरळ: आज्जिबात नको. १२-१५ सेंटिमीटर वाढतो, कळपाने राहतो, त्याला वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि चार-पाच फूट लांबी लागते. तुमची टाकी नेमकी उलटी. आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे, तेवढंही कारण पुरे.

सीवूड्सचा_सायफन
प्रश्न पाचोळ्याच्या वापराचा आहे, म्हणून थरांप्रमाणे विचार करा.

पानाखाली शिरणारे: कुली लोच. दिवसा दिसणार नाहीत. सहा आणलेत तर एका वेळी दोनच मोजाल, तक्रार करायची नाही. वाळू बारीक हवी, धारदार खडीने त्यांची कातडी सोलवटते.
पानावर वावरणारे: अपिस्टोग्रामा. पानांच्या कडेची वाळू तोंडात घेऊन चाळतात, किडे वेचतात, गालफडांतून वाळू सोडून देतात. पाचोळ्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच मासा करतो. मादीचा इलाका एखाद्या वळलेल्या पानापासून सुरू होतो.
पानाच्या वर: कार्डिनल, पेन्सिलफिश. यांना पाचोळ्याशी थेट देणंघेणं नाही, गडद तळ आणि मंद उजेड मिळाला की रंग खुलतो.

कोरिडोरास (तळाला चरणारे छोटे मासे) बरेच जण सुचवतील. त्यांना मोकळी वाळू लागते, जाड थरात त्यांची सोंड चालत नाही. ठेवायचेच असतील तर पुढचा एक तृतीयांश भाग पानांविना सोडा आणि जात बघून घ्या. स्टर्बाय उष्णता सोसतो, पांडा आणि पॅलिएटस नाही.

ऐरोलीचा_बगळा
माझ्या दृष्टीने तिन्ही याद्यांत गडबड आहे. पहिली "रिओ निग्रो" आणि पाचोळा देशी बदामाचा? बदाम हे आशिया-पॅसिफिक किनाऱ्याचं झाड. बायोटोप (निसर्गातल्या एकाच जागेची नक्कल) म्हणायचं तर पान, दगड, मासा एकाच ओढ्यातले हवेत.

सीवूड्सचा_सायफन
बगळेबुवा, स्पर्धेला टाकी पाठवायची असेल तर मान्य. ढोकाळीकरांना मासे जगवायचेत. अपिस्टोला पानाचा आकार, कडक-मऊपणा आणि त्यावरची बुरशी-किडे यांच्याशी मतलब आहे, झाडाच्या पासपोर्टशी नाही.

ऐरोलीचा_बगळा
मग "बायोटोप पद्धतीची टाकी" म्हणा, "रिओ निग्रो" नको. आणि दुकानात मिळणारा अपिस्टोग्रामा काकाटुओइडेस पश्चिम अमेझॉनचा, पेरूकडचा. तो रिओ निग्रोच्या टाकीत म्हणजे कोळी माणूस नागपुरात. तेवढी प्रामाणिकता ठेवली की माझं भांडण संपलं.

निरुपमा_क
यादी तीनमध्ये आपल्याकडचा खरा पाचोळ्यातला मासा राहूनच गेला: स्पाइकटेल पॅराडाइज फिश, सुडोस्फ्रोमेनस क्युपॅनस. दक्षिण भारताच्या किनारी सखल भागातला आणि श्रीलंकेतला. सहा सेंटिमीटरच्या आत राहतो, हवेतून श्वास घेतो म्हणून उन्हाळ्यात प्राणवायू घटला तरी डगमगत नाही, पिलांसाठी पानाखाली किंवा कपारीत फेसाचं घरटं करतो. पाणी फार मऊ नसलं तरी चालतं. सोबत लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस हा लोच, तोही द्वीपकल्पी भारतातला, वाळूत डोळ्यांपर्यंत गाडून घेतो. मधल्या थराला पुंटियस व्हिटॅटस, पाच सेंटिमीटरचा साधा बार्ब.

ही टाकी रंगीत दिसणार नाही, करड्या-तपकिरी रंगांची दिसेल. पण ठाण्याच्या हवेला या तिघांइतकी सोपी निवड वरच्या कुठल्याच यादीत नाही.

कासारवडवली_टँकर
निरुपमाताई, मटार पफर टाकला तर यात? तोही केरळचाच.

निरुपमा_क
पफर एकटा, त्याच्या स्वतःच्या टाकीत. अडीच सेंटिमीटरचा मासा सगळ्यांचे पर कुरतडतो. पाचोळ्यात गोगलगायी खूप झाल्या म्हणून लोक आणतात. गोगलगायी संपल्या की गुरामीच्या मिशांकडे वळतो.

राबोडी_रॉक्स
येऊरच्या ओढ्यातून दोन जाळी मासे आणि पिशवीभर पाचोळा आणला की बायोटोप तयार. फुकटात!

पाणथळ
नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून मासाच काय, पानही उचलायची परवानगी नाही. उलटा प्रवासही नको: कंटाळा आला म्हणून मासे तलावपाळीत किंवा उपवनला सोडू नयेत. "टँक क्लीनर" म्हणून विकलेला सकर फूट-दीड फूट वाढतो आणि आपल्या तलावात मजेत जगतो, अडचण तीच आहे.

टीडीएस_तात्या
पानं सोसायटीच्या आवारातच मिळतात. चार नियम.

अ) आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं पान घ्या. हिरव्या पानात साखर आणि रस असतो, ते टाकीत सडतं.
आ) घोडबंदर रोडच्या कडेचं पान नको, काजळी बसलेली असते. डासांची धूरफवारणी नुकतीच झालेली असेल तर त्या आठवड्यात आवारातलंही नको.
इ) चालतं: देशी बदाम, फणस, पेरू, बांबूची पानं, केळीचं वाळलेलं पान, सुरूची छोटी बोंडं. नको: कण्हेर, रुई, धोत्रा (विषारी), कडुनिंब (कीटक-कोळंबी मारतो), निलगिरी (तेल).
ई) धुऊन दहा मिनिटं उकळा, फणसाचं जाड पान वीस मिनिटं. मग चोवीस तास साध्या पाण्यात. उकळण्याचं पातेलं स्वयंपाकातलं नको.

बदामाचं पान महिना-दोन महिन्यांत जाळीदार होतं, पेरू-फणसाचं जास्त टिकतं. म्हणून दोन्ही मिसळा: बदाम रंग आणि खाद्य देतो, फणस थराला उभारी देतो.

ढोकाळीकर
आकडे: टीडीएस १२०, केएच ३. तापमान मे महिन्यात ३०.५ पर्यंत. किती पानं? एकदम टाकायची का?

टीडीएस_तात्या
एकदम नाही. सगळ्या घोळाचं मूळ तिथेच असतं. तुमच्या तळाला सुरुवातीला सहा-आठ बदामाची पानं, मग दर आठवड्याला पाच-सहा, महिन्याभरात थर तीन-चार सेंटिमीटर होऊ द्या. पान कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात. २५ अंशांच्या पाण्यात संपृक्त प्राणवायू लिटरला ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, ३० अंशांना ७.६ च. त्यात पाचोळा एकदम ओतला तर पहाटे मासे वर येऊन तोंडं वासतात. दोन्ही स्पंज चोवीस तास चालू आणि वीज गेली तर बॅटरीचा एअर पंप हाताशी.

नव्या पानांवर आणि लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर येईल. घाबरून धुऊ नका. लोच आणि गोगलगायी तो संपवतात.

वाळू एक ते दीड सेंटिमीटर पुरे. खाडीची रेती नको, त्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. वाळूवर लिंबू पिळून बघा, बुडबुडे आले तर चुना आहे, केएच वाढवत राहील. दगड हवा असेल तर आपला काळा पाषाण निर्धोक.

सीवूड्सचा_सायफन
पाण्याचं गणित: आरओचा टीडीएस १५ धरा. सत्तर टक्के आरओ, तीस टक्के नळ: ०.७ × १५ + ०.३ × १२० = ४६.५. केएच एकच्या खाली येईल. फार्ममधल्या कार्डिनलला आणि अपिस्टोला हे भरपूर झालं. घरच्या आरओत टीडीएस वाढवणारा स्क्रू किंवा मिनरल काडतूस असेल तर त्याच्या आधीच्या नळीतून पाणी घ्या.

आमच्या नवी मुंबईत मोरबेचं पाणी येतं, तेही बोअरवेलपेक्षा बरंच मऊ. घोडबंदरकडे टँकर लागतो त्यांनी मात्र दर टँकरला टीडीएस मोजावा. बोअरवेलचं पाणी असेल तर आकडा एकदम उडी मारतो.

कासारवडवली_टँकर
नाव सार्थ करतो: अनुमोदन. आणि पावसाचं पाणी?

सीवूड्सचा_सायफन
उत्तम, पण पहिल्या काही सरी जाऊ द्या, हवेतली घाण त्यात उतरते. पाणी प्लास्टिकच्या कापडावर थेट धरा. सिमेंटच्या गच्चीवरून आलेलं पाणी चुना घेऊन येतं. फडक्याने गाळून, झाकून ठेवायचं.

मोठा_तलाव
इतकं मऊ करण्याचा खटाटोप कशाला? फार्ममध्ये वाढलेला कार्डिनल ६.८-७ पीएचला वर्षानुवर्षं जगतो. बार्सेलोसहून रिओ निग्रोतला पकडलेला मासा असता तर वेगळी गोष्ट. पीएच खाली आणण्याच्या नादात जास्त मासे मरतात.

टीडीएस_तात्या
अर्धं पटलं. पीएचच्या मागे धावू नये हे बरोबर. पण केएच ३ असताना पान टाकून पीएच फारसा हलत नाही, नुसता रंग येतो. अंडी फुटायला हवी असतील तर मऊ पाणी लागतंच.

धोका नेमका कुठे असतो तेही सांगतो, कारण लोक कारण न समजता "पानाने मासे मेले" म्हणतात. पीएच सहाच्या खाली गेला की फिल्टरमधले अमोनिया खाणारे जिवाणू मंदावतात. अमोनिया साठतो, पण आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि मासे ठणठणीत दिसतात. २५ अंशांना पीएच ६ ला विषारी भाग सुमारे ०.०६ टक्के, ७ ला ०.६, ८ ला पाच टक्क्यांच्या वर. महिनाभर पाणी न बदललेल्या अशा टाकीत एका रविवारी कोणी अर्धं पाणी काढून नळाचं ७.८ चं ओततो. पीएच चढतो, साठलेला अमोनिया विषारी होतो आणि संध्याकाळपर्यंत मासे आडवे. दोष पानाला लागतो.

उपाय: दर आठवड्याला १० ते १५ टक्केच बदला, म्हणजे १०-१५ लिटर. आधी अमोनिया तपासा. येणारं पाणी टाकीतल्यासारखंच, आधीच मिसळून, क्लोरीन काढून ठेवलेलं. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा एक रात्र हवा सोडून ठेवा किंवा क्लोरीन काढणारं औषध टाका. आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं की थेंबांच्या किटचा रंग फसवतो. पीएच पेन घ्या, ४ आणि ७ च्या द्रावणात जुळवून.

राबोडी_रॉक्स
म्हणजे माशांना काळ्या पाण्याची शिक्षा आणि मालकाला सश्रम कारावास.

मोठा_तलाव
आणि घरचे रोज विचारणार, "ती टाकी कधी धुणार?"

पाणथळ
सफाईचं राहिलं. सायफनच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर पान अडकतं. सगळा पाचोळा एकदम ढवळायचा नाही, एका वेळी अर्धा भाग. पानाखालचा काळा गाळ थोडा राहू द्या, त्यात सूक्ष्म जीव असतात आणि अपिस्टोची पिलं पहिले दिवस त्यावरच काढतात. सडक्या अंड्याचा वास आला तर थर दाबला गेलाय. तेवढी पानं अलगद उचलून मोकळी करा, निम्मी काढा.

पंखा लावलात तर दोन अंश उतरतील, पावसाळी दमट हवेत तेवढेही नाही. उडालेलं पाणी आरओनेच भरा. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागे राहतात.

निरुपमा_क
अवांतर, पण महत्त्वाचं: खाद्य. हे सगळे छोट्या तोंडाचे मासे. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी) अंडी, जोरदार हवा. आपल्या हवेत १८ ते २४ तासांत पिलं फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं, टरफलं वर जातात, खालची नारिंगी पिलं नळीने ओढून गोड्या पाण्यात धुऊन घालायची. गटारातले ट्युबिफेक्स किडे टाळा, रोग घेऊन येतात.

राबोडी_रॉक्स
गॅलरीतल्या बादलीत डासांच्या अळ्या मोफत मिळतात की.

निरुपमा_क
मिळतात, आणि आपल्या उष्णतेत आठवड्याभरात डासही होतात. पालिकेची माणसं बादल्या तपासायला आली की त्यांना "बायोटोप" समजावत बसा. तेच लोक जाताना गप्पी मासे हातात ठेवतील. अळ्या घालायच्याच असतील तर रोज बादली पूर्ण गाळून रिकामी करायची.

ढोकाळीकर
चॉकलेट गुरामीबद्दल कोणी लिहिलं नाही.

सीवूड्सचा_सायफन
सुंदर मासा, पण पीएच ४ ते ६, जवळजवळ शून्य केएच आणि काटेकोर स्वच्छता मागतो. पाणी बिघडलं की अंगावर मखमली रोगाची पिवळट भुकटी दिसते. यादी दोन हवीच असेल तर त्याच्याऐवजी ट्रायकोप्सिस पुमिला घ्या. चार सेंटिमीटरची गुरामी, संध्याकाळी बारीक टरटर आवाज काढते, तो काचेबाहेर ऐकू येतो. २८ च्या वर मात्र तिलाही त्रास, त्यामुळे तुमचा मे महिना आडवा येतोच.

ढोकाळीकर
मग पहिली यादी, बगळेबुवांच्या अटीवर "बायोटोप पद्धतीची" म्हणून. अपिस्टोची जोडी घ्यायची की जास्त? आणि किती कार्डिनल?

पाणथळ
काकाटुओइडेस किंवा अगासिझी: एक नर, दोन माद्या. जोडी घेतली तर नर एकाच मादीच्या मागे लागतो. प्रत्येक मादीला वेगळी गुहा, टाकीच्या दोन टोकांना. नारळाची अर्धी करवंटी उत्तम: शेंडी-खोबरं खरवडून, पाणी स्वच्छ येईपर्यंत उकळून, काठाला तीन सेंटिमीटरची खाच. मधे लाकूड असं ठेवा की एका करवंटीतून दुसरी दिसणार नाही.

पिलं झालीच तर एक गंमत: अपिस्टोग्रामाच्या बऱ्याच जातींत तापमान जास्त असेल तर नर जास्त होतात, पीएचचाही परिणाम होतो. मे महिन्यातली अंडी म्हणजे पुढे नरांचा कळप. माद्या हव्या असतील तर डिसेंबर-जानेवारीत जमू द्या.

टीडीएस_तात्या
क्रम असा. पानं आणि फिल्टर चालू करून चार-पाच आठवडे मासे नाहीत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की १८-२० कार्डिनल, पण दोन हप्त्यांत, आधी तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून. कुर्ल्याहून आणलेत तर दुपारच्या लोकलने पिशवी तापते, सकाळी जा. दुकानाचं पाणी टीडीएस ४०० चं आणि तुमचं ५० चं असेल तर एअर लाइनच्या नळीला गाठ मारून दीड-दोन तास थेंब-थेंब मिसळा. पेन्सिलफिश आठ, त्यानंतर. अपिस्टो सगळ्यात शेवटी, नाहीतर तो अख्खी टाकी आपली समजतो. झाकण घट्ट हवं, पेन्सिल उडी मारतात.

ऐरोलीचा_बगळा
पेन्सिलमध्ये नॅनोस्टोमस एक्वेस बघा, तो रिओ निग्रोतही सापडतो. निदान एक तरी मासा पत्त्यावरचा असेल.

सीवूड्सचा_सायफन
कार्डिनल विसरलात काय बगळेबुवा?

ऐरोलीचा_बगळा
दोन. माघार.

ढोकाळीकर
एक्वेस नाही मिळाले तर त्या जागी काय?

टीडीएस_तात्या
काहीच नाही. कार्डिनल पाच-सहा वाढवा आणि पेन्सिलची वाट बघा. आत्ता एप्रिल आहे, पानं आजच उकळायला घ्या, पण मासे जूनमध्ये पाऊस लागून पाणी २८ वर उतरल्यावरच आणा.